कोल्ह्याच्या शेपटाची खुंटी

आमच्या क्रुमबाखच्या चर्चमधल्या ऑर्गनला एक खुंटी जास्तीची आहे. जास्तीची म्हणजे अगदीच बिनकामाची. उजव्या हाताला जितक्या खुंट्या तितक्याच डाव्या हाताला दिसाव्यात, म्हणून कारागिराने ती लावून टाकली. इतर खुंट्या ओढल्या की आपापल्या नळ्यांना हवा देतात; हिच्यामागे ना नळी, ना हवा. बाकीच्या खुंट्यांवर लॅटिनमध्ये नावं आहेत. ‘वोक्स हुमाना’ म्हणजे माणसाचा आवाज, ‘उंडा मारिस’ म्हणजे समुद्राची लाट. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही, त्यामुळे लाट अशीच वाजते का, हे सांगायला कोणी पुढे येत नाही. आणि त्या खोट्या खुंटीवर लिहिलंय, ‘नोली मे तांगेरे’. मला हात लावू नको.

हात लावू नको म्हटलं की माणसाच्या हाताला खाज सुटते, हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक असणार. खुंटी ओढली की आतला चाप सुटतो आणि कोल्ह्याचं झुपकेदार शेपूट थेट ओढणाऱ्याच्या तोंडावर येऊन आदळतं. मग ऑर्गनजवळच्या वरच्या सज्जातले सगळे गाणारे “भात्यावर! भात्यावर!” असा गिल्ला करतात, आणि फसलेल्या माणसाला ऑर्गनच्या मागच्या खोलीत जाऊन उपासना संपेपर्यंत भाते तुडवावे लागतात. बाप्तिस्म्याला आलेला पाहुणा असो की शहरातून आलेला मोठा पाद्री, या रिवाजातून आजवर कोणी सुटलेला नाही.

एरवी भाते तुडवायचं काम माझं. खाणीत दगड कोसळून नवरा गेला, तेव्हापासून मी आणि माझी मुलं ते करतो. बाईमाणसाने गाणाऱ्या पुरुषांच्या सज्जात चढायचं आणि घागरा सावरत फळ्यांवर नाचायचं, यावर गावाने पुष्कळ तोंडसुख घेतलं. ‘भातेवाली रोझिने’ हे नाव मला गिरणीवाल्या डोरोटेआने ठेवलं. ठेवू दे. तिचा पाव नेहमी आतून कच्चा असतो.

काम तसं साधं आहे. तीन भाते, प्रत्येकाची एक जाड फळी खोलीत बाहेर आलेली. फळीवर उभं राहिलं की आपल्या वजनाने ती खाली बसते आणि भाता फुगतो. मग हळूच उतरून दुसरीवर जायचं. हळूच, हे महत्त्वाचं. धाडकन उतरलं की हवेला हिसका बसतो आणि लिंडनर गुरुजींचा ऑर्गन उचकी लागल्यासारखा गातो. माझ्या थोरल्याला, क्रिस्टोफला, हे उतरणं फार छान जमायचं.

क्रिस्टोफ आता घरी नाही. कुठे आहे, तेही माहीत नाही. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो लाकडं आणायला रानात गेला आणि प्रशियाच्या निळ्या डगल्यांनी त्याला तिथूनच उचलला. त्यांची लढाई आमच्या राजाशी, आणि लढायला आमचीच पोरं. त्यांना निळे डगले चढवायचे, छडीने सरळ करायचं आणि आमच्याच अंगावर सोडायचं. उंच पोरं तर त्यांना फारच प्रिय. माझा धाकटा वाल्टिन चर्चच्या मागच्या दारातून वाकून आत येतो. तो दारात वाकला की दर रविवारी मी त्याच्या मागचा रस्ता बघून घ्यायचे.

ख्रिसमसच्या आधीच्या एका रविवारी, घंटा व्हायच्या थोडं आधी, म्हातारा अँब्रोस धापा टाकत सज्जात आला. हा डोरोटेआचा सासरा. गाण्यात खर्ज लावतो आणि एरवी नुसती बडबड. त्या दिवशी मात्र त्याला तीनच शब्द सुचले.

“गिरणीपाशी घोडे,” तो म्हणाला. “निळे.”

गावाला हे नवं नव्हतं. ज्याच्या घरात पोरगा, त्याच्या घरात पोरगा लपवायची जागा. डोरोटेआचा गॉटलोब विझलेल्या पावभट्टीत शिरायचा, कोणाचा गवताखाली, कोणाचा विहिरीच्या कोनाड्यात. आमची जागा होती त्या खोट्या खुंटीच्या मागे. खुंटीला नळ्या नाहीत, म्हणजे ऑर्गनच्या पोटात त्या नळ्यांची जागा मोकळी. भात्यांच्या खोलीतली एक फळी सरकवली की माणूस आत उभा राहू शकतो, मान वाकवून.

वाल्टिन लाकडी बूट काढून आत शिरला. आत खडखड नको म्हणून.

“आई, तू एकटी तिन्ही भाते कशी सांभाळणार?” तो कुजबुजला.

“तू रांगत होतास तेव्हापासून सांभाळतेय. गप बस आणि शिंकू नकोस.”

मी फळी लावली आणि पहिल्या भात्यावर चढले. माणसाची भीती भात्याला कळत नाही. त्याला वजन लागतं.

भात्यांच्या खोलीतून चर्च दिसत नाही. म्हणजे पूर्ण दिसत नाही. भिंतीत एक फट आहे, तिच्यातून बायकांचे बाक आणि मधली वाट दिसते. आणि मागच्या बाजूला एक छोटी खिडकी आहे, ती चर्चच्या अंगणावर उघडते. पहिलं गीत चालू असताना फटीतून मला निळे डगले दिसले. कप्तान टोपी काढून पहिल्या बाकावर बसला, अगदी भाविकासारखा. एक शिपाई दारात बंदूक टेकून उभा राहिला. बाकीचे आलेच नाहीत, म्हणजे ते घरं धुंडाळत होते. बायकांना हे कळत होतं. एकही मान वळली नाही, पण गीताची चाल खाली खाली उतरत गेली.

पाद्रीबाबांचं प्रवचन सुरू झालं आणि जिन्यावर बुटांचा आवाज आला. जड, सावकाश. प्रवचनात भाते लागत नाहीत. मी फळ्यांच्या मधोमध नुसती उभी होते, आणि माझ्या पाठीशी, एका फळीपलीकडे, माझा मुलगा श्वास घेत होता. मला तो श्वास ऐकू येत होता. मला ऐकू येतो तर इतरांना का नाही येणार?

“बसा बसा,” सज्जात एक अनोळखी आवाज म्हणाला. तरुण होता. “कॉर्पोरल आहे, भूत नाही. तुमच्यात कोणी विशीतला दिसत नाही.”

“विशीतले सगळे तुम्हीच नेलेत,” लिंडनर गुरुजी म्हणाले. गुरुजी शाळेत मुलांना छडी मारत नाहीत, पण जिभेचा पट्टा त्यांना आवरत नाही.

कॉर्पोरल हसला नाही. त्याने सज्जाचे कोपरे बघितले असावेत, बाकांखाली बंदुकीचा दस्ता फिरवल्याचा आवाज आला. मग पावलं ऑर्गनपाशी थांबली. तो खुंट्यांवरची नावं वाचायला लागला, हळू आवाजात, एकेक करून. शिपाई लॅटिन वाचतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“वोक्स हुमाना. उंडा मारिस.” मग पाऊल आणखी जवळ आलं. “नोली मे तांगेरे.”

“तिला हात लावू नका,” गुरुजी म्हणाले.

“तेच तर लिहिलंय.”

आणि त्याने ती ओढली. माझ्या पाठीमागे, ऑर्गनच्या पोटात, चाप सुटल्याचा खट्ट आवाज झाला. वाल्टिनच्या कानाजवळच झाला असणार, कारण त्याचं कोपर फळीवर आपटलं. मी डोळे मिटले.

शेपूट कॉर्पोरलच्या तोंडावर आदळलं. मग जित्याची खोड म्हणतात ती हीच, म्हातारा अँब्रोस फस्सकन हसला आणि ओरडला, “भात्यावर! भात्यावर!” बाकीच्यांच्या तोंडूनही सवयीने निघालं, आणि निघाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाला हसलो. पाद्रीबाबा वाक्याच्या मधेच थांबले. निळ्या डगल्याला हसलं म्हणून शेजारच्या गावात चौघांना फटके बसले होते.

“वर काय चाललंय?” कप्तान खालून गरजला.

“रिवाज आहे, कप्तानसाहेब,” कॉर्पोरल कठड्यावरून म्हणाला. “फसलो. आता उपासना संपेपर्यंत भाते तुडवायचे.”

“वर कोणी सापडलं का?”

“म्हातारे आणि एक मास्तर.”

कप्तान हसला. “तुडव मग. अंग तरी तापेल.”

माझ्या खोलीचं दार उघडलं. तो आत आला, तेव्हा मानेला झटका देऊन वाकला, वाल्टिन वाकतो तसाच. चेहरा कोवळा होता. हातात ते कोल्ह्याचं शेपूट. त्याने माझ्याकडे पाहिलं, भात्यांकडे पाहिलं आणि मग खाली, तिसऱ्या भात्यापाशी, वाल्टिनच्या लाकडी बुटांकडे. ते उचलून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

“मोठे आहेत,” तो म्हणाला.

“नवऱ्याचे.”

“नवरा कुठे असतो?”

“मातीत.”

तो वाकला आणि त्याने एका बुटावरून बोट फिरवलं. “मग हे बर्फाने ओले कसे, मावशी?”

मारिया माते, मी त्याच्या पायावर पडायचीच बाकी होते. आम्ही लुथरचे लोक, मारियाला हाक मारत नाही. पण आईने आईलाच हाक मारायची ना! तेवढ्यात गुरुजींची घंटी वाजली, हवा द्या म्हणून. प्रवचन संपलं होतं. मी सवयीने पहिल्या फळीवर चढले, आणि त्याने बुटांना पायाने ढकलून भात्याखालच्या अंधारात सारलं.

“सरका, मावशी. मधली आणि पलीकडची माझी.”

तो फळीवर चढला. फळी खाली बसली आणि तो उतरला. हळूच. हवेला जरासुद्धा हिसका बसला नाही. तिसरीवर गेला, पुन्हा तसाच. शिकवून येत नाही हे, पोरपणापासून पायात मुरावं लागतं. ऑर्गन घुमायला लागला, खाली लोक गाऊ लागले, आणि त्या आवाजाच्या आडोशाने तो बोलायला लागला. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत.

“आमच्या गावच्या ऑर्गनलाही अशीच खुंटी होती. माझा बाप ऑर्गन दुरुस्त करायचा. खुंटी खोटी असेल तर मागे जागा मोकळी असते, हे मला माहितीये. मी स्वतः तिथे बसलो होतो.”

मी तुडवत राहिले.

“निळे आले, शोधलं, सापडलो नाही. मग ढोल वाजवत निघून गेले. पूल ओलांडेपर्यंत आईने वाट पाहिली. ढोल थांबले तशी तिने फळी काढली. म्हणाली, ये रे, सूप गरम आहे.” तो पुढच्या फळीवर चढला. “ते परत आले. ते दरवेळी परत येतात, मावशी. पहिली फेरी आयांना घाबरवायला असते. दुसरी उचलायला. पोरं अंगणात उभी असतात, आयांच्या गळ्यात पडून.”

“हे मला कशाला सांगताय?”

“खुंटीवरचं लॅटिन मला वाचता येतं. ओढली ती चुकून नाही. इथे यायला दुसरं कारण कप्तानाने ऐकलं नसतं.”

आतून, फळीमागून, दाबलेला खोकला आला. धुळीचा. आम्ही दोघांनी ऐकला. तो थांबला नाही, भात्यावरचे त्याचे पाय तसेच चालले. मला वाटलं, आता हा फळीला हात घालणार. घातला नाही.

“तुम्ही रिकाम्या हाताने गेलात तर?” मी विचारलं.

“बघू,” तो म्हणाला. सोळा वर्षांच्या पोराने आईला म्हणावं तसं म्हणाला.

आशीर्वाद झाला. कप्तानाने खालून हाक मारली. कॉर्पोरल शेवटच्या फळीवरून उतरला, शेपूट माझ्या हातात दिलं आणि वाकून दाराबाहेर गेला. मी त्याला साधं ‘देव भलं करो’ही म्हटलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: हा खरं बोलतोय की मला फसवतोय?

कारण फसवायचं असेल तर डाव सोपा होता. आमच्याकडे आशीर्वादानंतर शेवटचं वादन होतं आणि ते संपेपर्यंत कोणी बाकावरून उठत नाही. वादन चालू असताना उठला, तो वर्षाच्या आत चर्चमधून आडवा जातो, असं आमची लहान मुलंसुद्धा सांगतात. बायकांना इथेच अडकवून ठेवलं तर निळ्यांना रिकामी घरं पुन्हा पालथी घालता येतील, आणि त्यांना तशी बसवून ठेवणारी मी असेन. आणि तो खरं बोलत असेल, तर वादन संपताच या सगळ्या घरी धावतील आणि आपापल्या हाताने पोरं बाहेर काढतील. वाल्टिनला मी काढणार नव्हते, ते ठरलंच होतं. पण गॉटलोब? बाकीचे? दारातला शिपाई अजून तिथेच जांभया देत उभा होता. ओरडून सांगायची सोय नव्हती.

बाहेर ढोल वाजायला लागले. दारातला शिपाई बाहेर पडला, ढोल लांब लांब जाऊ लागले. फटीतून मी पाहिलं, डोरोटेआचे खांदे सैल पडले आणि ती रडायला लागली. सुटकेचं रडणं. त्या क्षणी मला त्याचं ते हळूच उतरणं आठवलं. हवेला हिसका न देता उतरणारा माणूस खोटं बोलू शकत नाही, असं काही शास्त्र नाही. पण मला धरायला तेवढंच होतं.

अँब्रोस दारात डोकावला. “गेले गं! गेले!”

“गुरुजींना सांग, वाजवत राहा. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही.”

“का गं?”

“तुझा नातू भट्टीत बसलाय ना? त्याला तिथेच बसू दे म्हणून. जा!”

ओरडून सांगितलं असतं, तरी एका शिपायाच्या शब्दावर कोणतीच आई बसून राहिली नसती; वादनावर राहिली असती. गुरुजी वाजवत राहिले. एक चाल संपली, तिच्यातून दुसरी निघाली. मी पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिघांचं काम एकटीने. खाली लोक चुळबुळू लागले. लेकरं रडायला लागली. पाद्रीबाबांनी मान वर करून सज्जाकडे असं पाहिलं की एरवी मी लाजेने मेले असते. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. घागरा घामाने पायाला चिकटला. ढोल थांबले.

“आई,” फळीमागून वाल्टिन म्हणाला. “हवा पडतेय. मी येतो बाहेर.”

“आलास तर मी तुला जन्मभर हाक मारणार नाही.”

“पण ते गेले ना!”

“गप! गप, बाळा. गप.”

खाली डोरोटेआ अर्धवट उठली. तिला घराकडे ओढ लागली होती, दिसतच होतं. शेजारणीने तिचा घागरा धरून खाली ओढलं आणि वर ऑर्गनकडे बोट केलं. वादन चालू आहे, उठतेस काय! डोरोटेआ बसली. पुन्हा उठली. मी फळीवर चढले आणि माझा गुडघा वाकला. हवेला हिसका बसला, ऑर्गनने उचकी दिली, आणि सगळं चर्च वाट बघत थांबलं की आता संपलं. मी दोन्ही हातांनी वरची तुळई धरून अंग पुढच्या फळीवर लोटून दिलं. हवा आली. डोरोटेआ पुन्हा बसली आणि शिव्या द्यायला लागली. मलाच असणार.

मग घोडे आले. ढोल नाही, काही नाही, नुसत्या टापा. त्या चर्चपाशी न थांबता गल्ल्यांमधून सुसाट फिरल्या, एकदा खाली, एकदा वर. खाली बाकांवर आवाज बंद झाला. रडणारी लेकरंसुद्धा गप्प झाली, आणि कोणालाही सांगावं लागलं नाही. अंगणं रिकामी होती. सूप चुलीवर तसंच होतं. निळ्यांना गळ्यात गळा घातलेलं कोणी सापडलं नाही.

कप्तानाने चर्चचं दार लाथेने उघडलं आणि तो उंबऱ्यातच उभा राहिला. सगळं गाव बसलेलं, हात मांडीवर, ऑर्गन चालू. त्याने वर पाहिलं. मला वाटलं, फटीतून त्याची नजर माझ्या डोळ्यांत गेली. मग तो वळला.

तुडवता तुडवता मला खिडकीतून अंगण दिसत होतं. कप्तानाने कॉर्पोरलला घोड्यावरून उतरवलं.

“वर तू काय करत होतास?” एवढं मला ऐकू आलं.

“भाते तुडवत होतो, साहेब.”

छडी उठली. मी बघणार नव्हते, पण पायांना लय लागते आणि ती लय छडीने दिली. मी चढले की फटका, उतरले की फटका. त्याची टोपी बर्फात पडली. तो ओरडला नाही, नुसता वाकत गेला. मग त्यांनी त्याचे हात रिकिबीला बांधले आणि घोडे चालायला लागले, तो मागून.

तरीही मी थांबले नाही. अँब्रोस मनोऱ्यात चढला, आणि ते डोंगराची धार ओलांडून गेले असं त्याने खाली येऊन सांगितलं, तेव्हा मी थांबा म्हणाले आणि फळीवरच बसले. फळी वाल्टिनने आतूनच सरकवली. केसांत कोळ्याची जाळी, तोंड धुळीने पांढरं, आणि इतका वेळ नळ्यांच्या शेजारी राहिल्याने कान बधिर. तो मोठमोठ्याने बोलत होता.

“आई! आधी तुझ्याबरोबर भात्यावर कोण होतं?”

मी त्याच्या केसांतली जाळी काढायला लागले.

“हवा अशी चालली होती! एक हिसका नाही. मला वाटलं, क्रिस्टोफ आला.” तो खोलीत इकडे तिकडे बघत होता, कोणी दिसतंय का म्हणून. “खरंच वाटलं गं. कोण होतं? नाव काय त्याचं?”

नाव मी विचारलंच नव्हतं. माझ्या मांडीवर ते कोल्ह्याचं शेपूट पडलं होतं. मी ते वाल्टिनच्या हातात दिलं आणि खुंटीत परत बसव म्हणाले, आणि मग मला जे रडू आलं ते आवरेना.

क्रिस्टोफही असाच कुठेतरी असेल, निळ्या डगल्यात, कुठल्यातरी गावात, कोणाच्या तरी आईच्या दारात. तेव्हापासून भात्यावर चढले की मी त्याच्याशी बोलते. जास्त काही मागत नाही. हळू उतर, बाळा, एवढंच म्हणते. हळू उतर.